राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक नेमकं काय करतो? जर्मनी २०१८ची गोष्ट

२७ जून २०१८ रोजी रशियातल्या कझान शहरात जर्मनी दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हरली आणि विश्वचषकाच्या साखळी फेरीतच बाहेर पडली. चारच वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये जाऊन करंडक जिंकून आणलेला हा संघ गटात शेवटचा आला. तीन सामन्यांत त्यांनी दोन गोल केले, चार खाल्ले. याआधी जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली होती ती १९३८ मध्ये, आणि तेव्हा तर स्पर्धा पहिल्या सामन्यापासूनच बाद पद्धतीची होती.

प्रशिक्षक योआखिम लोव राहणार की जाणार, हा प्रश्न त्याच संध्याकाळी विचारला जाऊ लागला. प्रत्येक मोठ्या पराभवानंतर तो विचारला जातोच. पण त्याचं धड उत्तर द्यायचं तर राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे आधी नीट कळायला हवं. फुटबॉल आवडीने पाहणाऱ्या अनेकांच्या डोक्यातही इथेच गल्लत असते, कारण आपण वर्षभर पाहतो ते क्लबचं फुटबॉल, आणि प्रशिक्षक म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ग्वार्डिओला किंवा क्लॉप. राष्ट्रीय संघाचं काम त्यापेक्षा फारच वेगळं आहे.

क्रिकेटशी ताडून पाहिलं तर फरक चटकन लक्षात येतो. आपला क्रिकेटपटू बीसीसीआयच्या करारावर असतो, वर्षातला मोठा काळ भारतीय संघाबरोबर दौऱ्यावर असतो आणि आयपीएल दोन महिन्यांत आटोपतं. फुटबॉलमध्ये याच्या नेमकं उलट. खेळाडूला पगार देतो क्लब, रोजचा सराव घेतो क्लब, दुखापत झाली की उपचार करतो क्लब. राष्ट्रीय संघाला तो मिळतो फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने ठरवून दिलेल्या काही दिवसांपुरता. २०१८च्या सुमारास साधारणपणे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्च आणि जून असे पाच टप्पे असायचे. प्रत्येक टप्पा नऊ-दहा दिवसांचा, त्यात दोन सामने. रविवारी क्लबचा सामना खेळून आलेला खेळाडू सोमवारी दाखल होतो, पहिला दिवस अंग मोकळं करण्यात जातो, सामन्याच्या आदल्या दिवशी फार ताण देता येत नाही, मग प्रवास. खरा सराव म्हणावा असे दिवस एका टप्प्यात तीन-चार मिळाले तरी पुष्कळ.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. क्लबला डावा बचावपटू कमी पडत असेल तर तो पैसे मोजून आणता येतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला बाजारच नाही. मिरोस्लाव क्लोजे हा तोवरच्या विश्वचषकांच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे १६ गोल करणारा आघाडीवीर २०१४ नंतर निवृत्त झाला. त्याच्या जागी तसाच दुसरा जर्मनीत तयार झालेला नसेल, तर लोव यांनी आणायचा कुठून? देशाने जे घडवलंय त्यातूनच भागवायचं.

शिकवायला वेळ नाही, विकत घ्यायची सोय नाही. मग हातात उरतं काय? निवडणं. कुणाला बोलवायचं, कुणाला घरी ठेवायचं, अकरात कोण, कुणाचा काळ संपला हे कधी ओळखायचं. याच्या जोडीला थोडक्या दिवसांत सगळ्यांच्या अंगवळणी पडेल असा सोपा आराखडा, आणि एरवी एकमेकांविरुद्ध खेळणारी वीस-पंचवीस माणसं महिनाभर एका छताखाली गुण्यागोविंदाने नांदवण्याची हातोटी. पण पाया निवडीचाच. माझ्या मते जर्मनीचा २०१८चा पराभव हा मुख्यतः निवडीचा पराभव होता, आणि त्याची सुरुवात रशियात पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी झाली होती.

वेळ कमी असला की कुठलाही प्रशिक्षक ओळखीच्या खेळाडूंकडे वळतो, आणि त्यात काही गैर नाही. ज्याला तुमची पद्धत ठाऊक आहे त्याला ती पुन्हा समजावावी लागत नाही. लोव २००४ मध्ये युर्गन क्लिन्समन यांचे सहायक म्हणून आले, २००६च्या विश्वचषकानंतर मुख्य प्रशिक्षक झाले, आणि २००८ ते २०१६ या काळातल्या प्रत्येक मोठ्या स्पर्धेत त्यांचा संघ किमान उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. इतकं सातत्य त्या काळात दुसऱ्या कुठल्याच देशाला जमलं नव्हतं. गोलरक्षक नॉयर, बोटेंग, हमेल्स, केदिरा, क्रूस, ओझिल, म्युलर ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र खेळून एकमेकांच्या हालचाली पाठ झालेली. ही ओळख २०१४ मध्ये जर्मनीची सर्वांत मोठी ताकद होती.

मग आला २०१७चा कॉन्फेडरेशन्स चषक, विश्वचषकाच्या आदल्या वर्षी रशियातच झालेली स्पर्धा. लोव यांनी बहुतेक बड्या खेळाडूंना सुट्टी दिली आणि युलियन ड्राक्सलरच्या नेतृत्वाखाली नवखा संघ नेला. लेऑन गोरेट्स्का, टिमो वेर्नर, लार्स स्टिंडल अशी नावं. या पोरांनी अंतिम सामन्यात चिलीला १-० हरवून चषक जिंकला. ते धावत होते, दबाव टाकत होते, चेंडू गेला की जीव तोडून परत फिरत होते. जर्मनीकडे दोन संघ भरतील एवढे खेळाडू आहेत, असं तेव्हा सगळे कौतुकाने म्हणाले. नव्यांपैकी किती जणांना आणि कुणाच्या जागी पक्कं स्थान द्यायचं, हे लोव यांनी ठरवायला हवं होतं ते याच वेळी.

तो निर्णय लांबत गेला आणि आकडे त्याला साथ देत राहिले. पात्रता फेरीत जर्मनीने दहापैकी दहा सामने जिंकले, ४३ गोल केले, फक्त ४ खाल्ले. ऐकायला भव्य वाटतं. मात्र या ४३ पैकी १५ गोल एकट्या सान मारिनोविरुद्धचे होते, आणि गटातले बाकीचे होते उत्तर आयर्लंड, चेक प्रजासत्ताक, नॉर्वे आणि अझरबैजान. पात्रता संपल्यानंतरचे मैत्रीपूर्ण सामने पाहा: इंग्लंडशी ०-०, फ्रान्सशी २-२, स्पेनशी १-१, ब्राझीलकडून ०-१, ऑस्ट्रियाकडून १-२, आणि शेवटी सौदी अरेबियावर कसाबसा २-१. सहा सामन्यांत विजय एकच. मैत्रीपूर्ण सामन्यांना फार किंमत देऊ नये हे खरं. तरीही तोडीस तोड प्रतिस्पर्धी समोर आले की काय होतंय, हे त्या सहा सामन्यांतच दिसत होतं.

४ जूनला अंतिम यादी आली आणि लेरॉय साने बाहेर राहिला. मँचेस्टर सिटीबरोबर नुकतंच इंग्लिश प्रीमियर लीगचं विजेतेपद मिळवलेला, त्या मोसमात तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवडलेला विंगर, म्हणजे कडेने हल्ला चढवणारा खेळाडू. लोव यांच्या बाजूने सांगायचं तर जर्मनीच्या जर्सीत तोवर सानेच्या नावावर एकही गोल नव्हता, आणि त्याच्याऐवजी घेतलेला युलियन ब्रांट काही कच्चा खेळाडू नव्हता. तरी मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. समोरचा संघ नऊ माणसं मागे लावून बसतो तेव्हा पासांची माळ ओवून भिंत फुटत नाही. कुणीतरी चेंडू घेऊन थेट माणसाला चकवून आत घुसावं लागतं. जर्मनीत तेव्हा ही कला सानेइतकी कुणाकडेच नव्हती.

मेक्सिकोविरुद्धच्या पहिल्या सामन्यात उतरलेल्या अकरा जणांपैकी आठ जण २०१४च्या विजेत्या चमूतले होते. कॉन्फेडरेशन्स चषक जिंकलेल्या गोरेट्स्काला बाकावर बसावं लागलं.

मेक्सिकोचा सामना जरा सविस्तर पाहू, कारण प्रशिक्षकाचं काम मैदानात कसं दिसतं ते त्यात स्वच्छ कळतं. आक्रमण करताना प्रत्येक संघाला एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी लागते: चेंडू आत्ता गेला तर मागे कोण आहे? उजवा बचावपटू योझुआ किमिच जवळजवळ विंगरसारखा पुढे जात होता. केदिरा आणि क्रूस या मधल्या फळीतल्या दोघांपैकी एकाने मागे थांबायला हवं होतं, पण केदिराही पुढे सरकत होता. चेंडू हरवला रे हरवला की हमेल्स आणि बोटेंग दोघंच मागे, आणि त्यांच्यापुढे अर्धं मैदान मोकळं. मेक्सिकोचे प्रशिक्षक हुआन कार्लोस ओसोरिओ यांनी याच मोकळ्या जागेसाठी काही महिने आधीपासून डाव आखून ठेवला होता. ३५व्या मिनिटाला प्रतिहल्ल्यात हाविएर हर्नांडेझने चेंडू डावीकडे सोडला, इर्विंग लोझानो आत वळला, त्याला अडवायला धावत आलेला ओझिल कमी पडला आणि गोल झाला. एरवी हल्ल्यांची जुळवाजुळव करणाऱ्या ओझिलवर आपल्याच गोलसमोर बचावपटूचं काम करायची पाळी आली, यावरूनच रचना किती विस्कटली होती ते कळतं.

सामन्यानंतर हमेल्स कॅमेऱ्यासमोर उघडपणे म्हणाला की सात-आठ जण पुढे गेल्यावर मागे तोल राहत नाही, आणि हे आपण संघात वारंवार बोललो आहोत. हे फार महत्त्वाचं आहे. दोष खेळाडूंना दिसत होता, सराव सामन्यांत दिसला होता, तरी तो दुरुस्त झाला नव्हता.

त्याच स्पर्धेत फ्रान्सच्या दिदिए देशाँ यांचं उदाहरण पाहा. पहिल्या सामन्यात फ्रान्सने ग्रीझमन, एम्बापे आणि डेम्बेले अशी तिघांची चपळ आघाडी उतरवली, ऑस्ट्रेलियाला २-१ हरवलं, पण खेळ अडखळत झाला. जिंकूनही देशाँ यांनी पुढच्याच सामन्यात डेम्बेलेला बसवलं, धिप्पाड जिरू आणि मूळचा मधल्या फळीतला मातुइदी यांना आणलं. मातुइदीला डावीकडे लावलं, जेणेकरून एम्बापेला उजवीकडून बिनधास्त धावता येईल आणि दुसऱ्या बाजूला तोल सांभाळला जाईल. दिसायला हे काही देखणं फुटबॉल नव्हतं. पण तीन-चार दिवसांत शिकवता येईल एवढंच त्यांनी मागितलं, आणि फ्रान्सने विश्वचषक जिंकला.

लोव यांनीही बदल केले, नाही असं नाही. स्वीडनविरुद्ध ओझिल आणि केदिरा दोघांना बसवलं. जर्मनी आधी ०-१ मागे पडली, मार्को रॉयसने बरोबरी साधली, ८२व्या मिनिटाला बोटेंगला लाल कार्ड मिळालं, आणि भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला टोनी क्रूसने फ्री किकवर मारलेला चेंडू वळत वळत जाळ्यात शिरला. काय गोल होता तो! त्या एका फटक्याने सगळा देश पुन्हा आशेवर आला. पण त्याने पहिल्या सामन्यातले प्रश्न सुटले नव्हते, आणि कोरियाविरुद्ध लोव पुन्हा ओझिल आणि केदिराकडे वळले. या वेळी म्युलर बाहेर. तीन सामन्यांत तीन वेगवेगळ्या मांडण्या, म्हणजे स्पर्धेत उतरताना आपले खात्रीचे अकरा कोणते हेच ठरलेलं नव्हतं.

आता गणित पाहा. शेवटच्या दिवशी स्वीडनने मेक्सिकोला ३-० हरवलं. म्हणजे जर्मनीने कोरियाला नुसतं १-० हरवलं असतं तर तिन्ही संघांचे सहा-सहा गुण झाले असते, आणि गोलफरकावर मेक्सिको बाहेर जाऊन जर्मनी पुढे गेली असती. ८७व्या मिनिटाला ओझिलच्या क्रॉसवर हमेल्स गोलसमोर जवळजवळ मोकळा होता, पण त्याचा हेडर बाहेर गेला. भरपाई वेळेत किम यंग-ग्वोनचा गोल आधी ऑफसाइड ठरला आणि व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ तपासणाऱ्या पंचांनी पाहिल्यावर ग्राह्य धरला गेला. मग गोल सोडून पार पुढे गेलेल्या नॉयरकडून चेंडू निसटला आणि सोन ह्युंग-मिनने रिकाम्या जाळ्यात दुसरा गोल केला.

समजा हमेल्सचा हेडर आत गेला असता तर? लोव यांच्यावर कुणी अवाक्षर काढलं नसतं. अवघ्या तीन सामन्यांच्या साखळी फेरीत नशिबाचा वाटा मोठाच असतो. म्हणून नुसत्या निकालावरून प्रशिक्षकाला जोखणं धोक्याचं आहे. वर्षभर साचत आलेल्या गोष्टी पाहायला हव्यात, आणि जर्मनीच्या बाबतीत त्या भरपूर होत्या.

यातली एक गोष्ट मैदानाबाहेरची. मे २०१८ मध्ये ओझिल आणि त्याचा संघातला सहकारी गुंडोगान या तुर्की वंशाच्या दोघांनी लंडनमध्ये तुर्कीचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्यासोबत फोटो काढले. जर्मनीत गदारोळ उठला, स्पर्धेआधीच्या सामन्यात प्रेक्षकांनी गुंडोगानची हुर्यो उडवली. असा प्रसंग हाताळणं हे खरं तर जर्मन फुटबॉल महासंघाचं काम: फोटो चुकला असं वाटत असेल तर ते स्पष्ट बोलावं, आणि निवड केली असेल तर त्या खेळाडूमागे ठाम उभं राहावं. महासंघाने विषय मिटल्याचं भासवलं. पराभवानंतर मात्र संघ-व्यवस्थापक ऑलिव्हर बिअरहोफ म्हणाले की ओझिलला न नेण्याचा विचार व्हायला हवा होता. नंतर त्यांनी सारवासारव केली, पण घाव बसला होता. २२ जुलैला ओझिलने राष्ट्रीय संघाला रामराम ठोकला. जिंकलो की मी जर्मन, हरलो की मी स्थलांतरित, अशा आशयाचं त्याचं निवेदन जगभर वाचलं गेलं. गेल्सेनकिर्शनमध्ये जन्मलेल्या, जर्मनीसाठी ९२ सामने खेळलेल्या माणसावर हे लिहायची वेळ यावी, याचं मला आजही वाईट वाटतं. मेक्सिकोच्या गोलला तो फोटो कारणीभूत नव्हता. संघात काय चाललंय हे वरिष्ठांना कळत नव्हतं, याची मात्र ती खूण होती.

मग लोव यांना काढलं का नाही? स्पर्धेआधीच, मे महिन्यात, महासंघाने त्यांचा करार २०२२ पर्यंत वाढवला होता. आधी करार वाढवायचा आणि मग परीक्षा घ्यायची, हा उलटा क्रम फुटबॉल महासंघांच्या हातून वारंवार घडतो, आणि नंतर निर्णय घेताना हात बांधलेले राहतात. दुसऱ्या टोकाला स्पेन: स्पर्धा संपल्यावर रेआल माद्रिदला जाणार म्हणून त्यांनी युलेन लोपेतेगी यांना पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी काढून टाकलं, आणि संघ उपउपांत्यपूर्व फेरीत रशियाकडून पेनल्टीवर हरला.

ऑगस्टमध्ये लोव यांनी पराभवाची मीमांसा मांडली. चेंडूवर ताबा ठेवून आपण साखळी फेरी तरी सहज पार करू, हा विश्वासच आपली सर्वांत मोठी चूक ठरला आणि त्यात जवळजवळ उद्दामपणा होता, असं ते म्हणाले. मोठ्या मनाची कबुली होती ती. पण जो संघ आपणच घडवला तो आपल्याच हाताने मोडणं फार थोड्यांना जमतं. मार्च २०१९ मध्ये लोव यांनी म्युलर, हमेल्स आणि बोटेंग या तिघांना एकाच दिवशी संघाबाहेर काढलं. दोन वर्षांनी, २०२१च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेसाठी म्युलर आणि हमेल्स यांना परत बोलवावं लागलं. मधल्या काळात स्पेनने सेव्हियात ६-० असं धुतलं, उत्तर मॅसिडोनियाने जर्मनीतच येऊन हरवलं. शेवटी वेम्बलीवर इंग्लंडकडून ०-२ हरून लोव यांची पंधरा वर्षांची कारकीर्द संपली. २०१८ मध्येच त्यांनी सन्मानाने निरोप घेतला असता तर ते त्यांच्या आणि संघाच्याही भल्याचं झालं असतं, असं मला वाटतं.

सगळा दोष प्रशिक्षकावर टाकून भागत नाही, हेही जर्मनीच सांगते. २००० सालच्या युरोमध्ये ती एका गुणासह तळाला राहिली होती. तेव्हा अडचण निवडीची नव्हतीच, निवडायला पुरेसे खेळाडूच नव्हते. महासंघाने व्यावसायिक क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्रं सक्तीची केली, देशभर गुणवत्ता हेरायची यंत्रणा उभारली, आणि त्यातूनच २०१४ची पिढी आली. आपल्या भारतीय संघाचं दुखणंही बरंचसं या जातीचं आहे. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशियाई चषकात आपण तिन्ही सामने एकही गोल न करता हरलो. प्रशिक्षक इगोर स्टिमाक लांब शिबिरांसाठी सतत भांडत होते, आणि त्या मागणीत तथ्य होतं. पण शिबिर लांबवून नवे आघाडीवीर जन्माला येत नाहीत.

लोव यांच्या जागी आलेल्या हान्सी फ्लिक यांना २०२२च्या कतार विश्वचषकात जपानने २-१ हरवलं आणि जर्मनी पुन्हा साखळीतच संपली. सप्टेंबर २०२३ मध्ये जपाननेच वोल्फ्सबुर्गमध्ये ४-१ हरवल्यावर फ्लिक यांना काढण्यात आलं.

त्यानंतरचे युलियन नागेल्समन यांनी २०२४च्या युरोसाठी काय केलं ते मात्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. त्यांनी नावं बाजूला ठेवून जागांचा विचार केला. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झालेल्या क्रूसला परत बोलावलं, कारण चेंडू शांतपणे खेळवणारा दुसरा कुणी नव्हता. त्याच्या शेजारी धावपळ करायला रोबर्ट आंड्रिखला ठेवलं, श्टुटगार्ट क्लबच्या ऐन भरात असलेल्या खेळाडूंना घेतलं, आणि कुणी सुरुवातीला खेळायचं, कुणी नंतर उतरायचं, हे प्रत्येकाला आधीच समजावून सांगितलं. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना नुकताच खेळलेला हमेल्स यादीत नव्हता. गोरेट्स्काही नव्हता. ५ जुलैला श्टुटगार्टमध्ये फ्लोरियान व्हिर्ट्झने ८९व्या मिनिटाला स्पेनशी बरोबरी साधून दिली, पण जादा वेळेत, ११९व्या मिनिटाला मिकेल मेरिनोच्या हेडरने जर्मनी उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडली. घरच्या मैदानावरची स्पर्धा होती, रडारड झाली. पण मेक्सिकोसमोर दिसलेली ती मोकळी जागा या संघात दिसली नव्हती, आणि जानेवारी २०२५ मध्ये महासंघाने नागेल्समन यांचा करार २०२८ पर्यंत वाढवला.